शून्य मिनिटं

नागपूरला रामदासपेठेतल्या एका सल्लागार कंपनीने खानझोडे सरांना फसवलं. खोटे आकडे छापून नाही, सरांनी स्वतः मोजलेले खरे आकडे छापून फसवलं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण वकील म्हणाला लिहू नका. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी ढोबळे. वाडीला अमरावती रोडवर माझं गोदाम आहे आणि सहा गाड्या भाड्याने चालतात. याच वाडीत मी पाठीवर पोती वाहून सुरुवात केली. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही. त्यामुळे कोणी काही द्यायला हात पुढे केला, की मी आधी त्याचा दुसरा हात पाहतो. स्वभाव तापट आहे, हे बायको रोज सांगते. एवढं सांगायचं कारण म्हणजे खानझोडे सरांवर मी पहिली दोन वर्षं काडीचा विश्वास ठेवला नव्हता.

पहिल्यांदा आले ते मे महिन्यात, भर बाराला, स्कूटरवर. डोक्याला पांढरा दुपट्टा असा गुंडाळलेला की फक्त चष्मा दिसत होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. आता कंपन्यांसाठी तपासणीचं काम करत होते. सरकारने किंवा एखाद्या संस्थेने गावात काही बांधलं, तर ते बांधलेलं लोकांच्या कामाला येतं का, हे जाऊन पाहायचं आणि अहवाल लिहायचा. पूर आला, आग लागली तर कोणी काय करायचं, त्यानंतर गाव पुन्हा कसं उभं करायचं, याचे जे आराखडे असतात तेही तपासायचे. त्यासाठी त्यांना गाडी हवी होती.

मी दर सांगितला. घासाघीस होणार म्हणून चांगला चढवून सांगितला होता. ते म्हणाले, "ठीक आहे."

माझ्या डोक्यात तिथेच घंटा वाजली. जो माणूस भावावर भांडत नाही, त्याचा डाव कुठेतरी दुसरीकडे असतो.

"आता माझ्या अटी," ते म्हणाले. "ड्रायव्हरला गावाचं नाव गाडी निघाल्यावर सांगणार. वाटेत त्याचा फोन माझ्या पिशवीत राहील. आणि गावात पोचल्यावर मी सांगेपर्यंत हॉर्न वाजवायचा नाही."

"काहून जी? चोरी करायले चालले का?"

"नाही. दार उघडायला."

मी हसलो नाही. मुन्नाला, माझ्या जुन्या ड्रायव्हरला, बाजूला घेऊन सांगितलं की म्हाताऱ्यावर नजर ठेव. कोणाकडून पाकीट घेतो, कोणाकडे जेवतो, सगळं मला पाहिजे. मुन्ना आठ दिवसांनी वैतागून आला. "मालक, साब तो किसी के यहाँ चाय भी नहीं पीते. अपना डब्बा, अपना पानी. गाँव में जाके बंद दरवाजे के सामने खड़े हो जाते और घड़ी देखते. बस, घड़ी देखते."

"किसकी राह देखते?"

"चाबी की."

हीच सरांची पद्धत होती. गावात समाजमंदिर असो, धान्याचं कोठार असो, पाण्याच्या टाकीची खोली असो, ते थेट बंद दारासमोर जायचे. घड्याळ उजव्या हातात, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. समोर जो भेटेल त्याला विचारायचे, "किल्ली कोणापाशी आहे?" उत्तर मिळालं की, "तो नसेल तर?" त्याचंही उत्तर मिळालं की, "आणि तोही नसेल तर?" तिसऱ्या प्रश्नाला लोक हसायचे. सर हसायचे नाहीत. घड्याळ लावायचे आणि किल्ली प्रत्यक्ष येऊन दार उघडेपर्यंत किती मिनिटं लागली, ते वहीत लिहायचे. दार उघडण्याआधी चहा नाही, खुर्ची नाही. मी एकदा विचारलं, सर, इमारत पाहा की, सिमेंट पाहा, तडे पाहा. म्हणाले, "ते बाकीचे पाहतात. पूर यायला लागला की लोक सिमेंट पाहात नाहीत हो ढोबळे, कडी पाहतात."

एका गावाला मी स्वतः गाडी घेऊन गेलो होतो, मुन्नाच्या घरी लग्न होतं म्हणून. तिथे धान्याचं कोठार होतं, कुठल्याशा संस्थेने बांधून दिलेलं. किल्ली सरपंचाच्या साळ्याकडे. साळा कुणाच्या तेराव्याला गेलेला. सरपंच स्वतः धावत आला, मागे खुर्च्या, मागे चहाची किटली.

"बसा ना सायेब, उन्हात काहून उभे हा?"

"उभाच बरा आहे."

"चहा तं घ्या."

"दार उघडल्यावर घेऊ."

"आता काय सांगू, थो येऊनच राह्यला." सरपंचाने फोनवर साळ्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. सत्तेचाळीस मिनिटांनी साळा मोटरसायकलवर आला. दार उघडलं तर आत छतापर्यंत कुटार, गुरांचा भुसा, भरलेलं आणि त्यावर एक मांजर चार पिल्लं घेऊन बसलेली. सरपंच म्हणाला, "हे तात्पुरतं आहे जी." सरांनी वहीत लिहिलं: सत्तेचाळीस मिनिटं, कुटार, मांजर. मग अगदी शांतपणे चहा मागितला आणि दोन कप प्याले. परत येताना मी म्हणालो, "सर, याच्यात तुम्हाला काय मिळते?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ते बाहेर पाहत म्हणाले, "झोप."

मला हे उत्तर आवडलं नव्हतं. लपवाछपवी वाटली.

मग माझी पाळी आली. ते हिशेबाच्या कागदावर सही घ्यायला गोदामात आले होते. भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर पाहून उभे राहिले. मला अभिमान वाटला, कारण वाडीत त्या काळात फार थोड्या गोदामांत तो होता. दर दसऱ्याला आम्ही गाड्यांबरोबर त्याचीही पूजा करायचो. सर म्हणाले, "चालवून दाखवा." हमालांसमोर मी पिन ओढली. निघेना. पाच दसऱ्यांचं हळदीकुंकू पिनेवर थापून दगड झालं होतं, वरून हाराचा दोरा गुंडाळलेला. मी दोन्ही हातांनी ओढली, पाय भिंतीला लावून ओढली. हमालांनी तोंडं फिरवली, पण खांदे हलताना दिसत होते. सरांनी मनगट वळवलं.

"किती झाली?" मी दात खाऊन विचारलं.

"आग लागली असती तर आता आपण रस्त्याच्या पलीकडे असतो," ते म्हणाले. "पूजा नळीच्या खाली करत जा, ढोबळे."

मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. मनात पक्कं झालं होतं, की याचा कोणी ओळखीचा सिलिंडर विकत असणार. त्या विक्रेत्याची मी वाट पाहिली. तो कधीच आला नाही. त्यानंतर मात्र माझा संशय हळूहळू बसला. बसला म्हणजे गेला नाही, कोपऱ्यात जाऊन बसला.

आता मुख्य गोष्ट.

नदीकाठच्या गावांत पूर आला तर लोकांनी थांबावं म्हणून उंच जोत्याचे निवारे बांधले होते. पूर आला तर कोणी काय करायचं याचा आराखडा रामदासपेठेतल्या त्याच कंपनीने केला होता. निवारे चालतात असा अहवाल आला की पुढच्या गावांचं कामही तिलाच मिळणार होतं. आणि तपासणीही तिच्याचकडे. ज्याने स्वयंपाक केला त्यानेच चव सांगायची. मी सरांना म्हणालो, हे काम घेऊ नका, वास येऊन राह्यला. ते म्हणाले, "वास येतो म्हणूनच जायला पाहिजे."

नऊ गावं होती. दोन पूल दुरुस्तीला काढलेले, वाट कुठून काढायची हे मलाच माहीत होतं. म्हणून एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सरांनी मला गावांची यादी आदल्या दिवशी दिली. त्यांच्या बारीक अक्षरातली, लिफाफ्यात घालून. "दोघांतच," म्हणाले. मी म्हणालो, "सर, मी काय लेकरू हाओ का?"

पहिल्या गावात ते दारासमोर उभे राहिले आणि घड्याळ लावायच्या आत एक माणूस किल्ली घेऊन हजर. दुसऱ्या गावात दार उघडंच, आत सतरंजी अंथरलेली. तिसऱ्या गावात तसंच. सर प्रत्येक ठिकाणी शून्य मिनिटं लिहीत गेले. गाडीवर मुन्ना होता, हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं. सहाव्या गावात निवाऱ्याच्या भिंतीशी एक बाई गोवऱ्या थापत होती. कौसल्याबाई. ती हात न थांबवता म्हणाली, "आज उघडलं जी. काल गाडी आलती, नवं कुलूप लावून गेली. जुन्याची किल्ली तं कोणालेच सापडत नव्हती."

सरांनी कुलूप हातात घेऊन पाहिलं. मग मागच्या पाच गावांची कुलपं आठवली. सगळी एकाच बनावटीची, सगळ्यांवर अजून कागदाची चिठ्ठी.

नऊ गावं झाल्यावर, तिसऱ्या दिवशी, त्यांनी माझी गाडी परत पाठवली आणि एसटीने निघून गेले. यादीत नसलेल्या दोन गावांना. एका ठिकाणी किल्ली यायला बावन्न मिनिटं लागली. दुसऱ्या ठिकाणी ते अंधार पडेपर्यंत थांबले, किल्ली आलीच नाही.

मला गाडी परत पाठवण्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. ते वाडीला आले तेव्हा मी गोदामाच्या दारातच उभा होतो.

"सर, माझ्यावर संशय?"

"मी वेळ मोजतो, ढोबळे. संशय घेत नाही."

"मग गाडी काहून सोडली? सरळ बोला ना! बारा वर्षं झाली, तुमचा डबा माझ्या घरी गरम झाला, आणि मी यादी विकली म्हणता?"

"मी तसं म्हणालो नाही."

"म्हणत नाही, पण वहीत लिहिता!"

ते स्कूटरवर बसून निघून गेले. मी रागाने मुन्नाची गचांडी धरली. तो रडला. पोरांची शपथ घेतली. मी त्याला सोडलं, पण विश्वास ठेवला नाही. त्याने दुसऱ्या महिन्यात माझी नोकरी सोडली.

सरांनी अहवालात सगळं लिहिलं होतं. नऊ गावांचा तक्ता दिला आणि त्याच्या पुढच्या पानावर स्पष्ट लिहिलं, की भेटीची खबर आधी पोचली होती, कुलपं आदल्या दिवशी बदलली, त्यामुळे ही शून्यं धरू नयेत; न कळवता गेलेल्या दोन गावांत काय झालं ते असं. अहवाल छापून आला तेव्हा तक्ता होता. पुढचं पान नव्हतं. खाली नाव खानझोडे. निष्कर्ष: सर्व निवारे तत्काळ उघडतात. सरांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं: आपले टिपण अंतर्गत नोंद म्हणून घेतले आहे.

पुढच्या श्रावणात वरच्या धरणाचं पाणी सोडलं. रात्रीत नाही, दिवसाढवळ्या, भोंगा वाजवून सोडलं. कौसल्याबाईच्या गावातले लोक निवाऱ्याकडे गेले. दाराला तेच नवं कुलूप. किल्ली ज्याच्याकडे ठेवली होती तो माणूस चार महिन्यांपूर्वी मुलाकडे नागपूरला राहायला आला होता, किल्ली त्याच्या जुन्या पँटच्या खिशात. तालुक्याला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, अहवालात तर तुमचा निवारा उघडतो असं आहे. तोडायला लोखंडी सब्बल मिळेपर्यंत पायऱ्यांवर पाणी आलं. कौसल्याबाईचा नवरा अर्धांगाचा, त्याला पायरीवर टेकून बसवलं होतं. तो तिथूनच वाहून गेला.

पंधरा दिवसांनी कौसल्याबाई माझ्या गोदामात आली. गाडीवर माझं नाव रंगवलेलं होतं, ते तिने लक्षात ठेवलं होतं. मला म्हणाली, "थे घड्याळवाले सायेब कुठी राह्यते?"

मी तिला गाडीत घालून मनीषनगरला सरांच्या फ्लॅटवर नेलं. तिने आरडाओरडा केला नाही. खुर्चीवर बसली नाही, दाराशीच बसली. म्हणाली, "सायेब, मी तुमाले सांगितलं होतं ना जी, कुलूप काल लावलं म्हणून? तुमी कागदावर लिवलंही होतं. माह्यासमोर लिवलं. मग काहून असं झालं?"

सरांनी आतून वही आणली, तिला वाचता येत नाही हे विसरून तिच्यासमोर धरली. मग माझ्याकडे वळले. "मी शून्य लिहिलं, ढोबळे. त्या जागी रेघ मारायला पाहिजे होती. घड्याळात शून्य होतं म्हणून मी शून्य लिहिलं. रेघ मारली असती तर त्यांना छापता आलं नसतं." इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःची चूक सांगताना पहिल्यांदा ऐकलं.

कौसल्याबाई म्हणाली, "म्हंजे कोनं केलं?"



तो प्रश्न मी घरी घेऊन आलो. मुन्ना पोरांच्या शपथेवर नाही म्हणाला होता, सरांनी दिली नाही, तर यादी गेली कशी? एका दुपारी गोदामात बसून मी फोनमधले जुने निरोप खालून वर चाळत गेलो. आणि सापडलं. यादी मिळाली त्याच दिवशी कंपनीच्या ऑफिसातून निरोप आला होता: गाडीच्या विम्यासाठी मार्ग लागतो, गावांची नावं पाठवा. त्या वेळी ट्रक खाली होत होता, पोती फुटली होती, मी हमालांवर ओरडत होतो. सरांच्या अक्षरातल्या कागदाचा फोटो काढला आणि पाठवून दिला. आयुष्यभर मी प्रत्येकाला विचारत आलो, तुला कशाला पाहिजे? त्या एका दिवशी विचारलं नाही.

मुन्नाला शोधून मी त्याचे पाय धरले. तो म्हणाला, "रहने दो मालक." पण परत आला नाही.

मग सरांकडे गेलो. ते फ्लॅटमध्ये नव्हते. वॉचमन म्हणाला, वर आहेत, गच्चीच्या दाराशी. सहा मजले चढून गेलो. सर गच्चीच्या बंद दारासमोर उभे होते, दुपट्टा खांद्यावर, मनगट वळवलेलं. आग लागली तर लोक गच्चीवर जाणार, म्हणून वॉचमनला किल्ली आणायला पाठवलं होतं. तो सेक्रेटरीकडे गेला होता, सेक्रेटरी बाजारात होते.

मी धापा टाकत एका दमात सगळं सांगितलं. फोनही दाखवला. त्यांनी चष्मा वर करून निरोप वाचला.

"मला अंदाज होता," ते म्हणाले.

"मग बोलले काहून नाही? तोंडावर शिव्या द्यायच्या होत्या!"

"तुम्ही विकली नाही हे माहीत होतं. तुम्ही विकली असती तर काय भाव काढला ते वाडीभर सांगत फिरला असता."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. मी भिंतीकडे तोंड केलं. सरांनी पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. ते छापून न आलेलं पान. त्यांच्या सहीचं. "माझ्याकडे असून उपयोग नाही," म्हणाले. "मी फक्त लिहितो. भांडायला तुम्ही बरे." आणि पुन्हा मनगटाकडे पाहिलं. "अठरा झाली."

मी खाली उतरलो तेव्हाही किल्ली आली नव्हती. जिन्याच्या वळणावरून वर पाहिलं. म्हातारा दारासमोर ताठ उभा होता, दाराला पाठ न टेकवता. तेच शेवटचं. महिनाभरात ते गेले. झोपेत गेले, असं त्यांच्या मुलीने कळवलं.

आता बोलायचं ते मी रामदासपेठेच्या त्या ऑफिसशी बोलतो. मी तिथे तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्यांदा साहेब दिल्लीला. तिसऱ्यांदा काचेमागे दिसत होते, तरी बाहेर म्हणून सांगितलं. ठीक आहे. इथे सांगतो. यादी मी पाठवली. माझ्या हाताने, माझ्या फोनवरून. ते मी लिहून देतो, सही करून देतो, कौसल्याबाईसमोर उभा राहून सांगितलंही आहे. तिने मला माफ केलेलं नाही आणि मी माफी मागितलेलीही नाही. माझा वाटा मी उचलला. तुमचा तुम्ही उचला.

सरांचं पान कोणी काढलं? तो माणूस आता तुमच्याकडे नसेल, तर काढायला कोणी सांगितलं? आणि तोही नसेल, तर त्या अहवालावर पुढची गावं कोणी घेतली? तिन्ही उत्तरं मला नकोत. कौसल्याबाईला द्या. ती माझ्या गाडीत बसून तुमच्या दाराशी येणार आहे. चहा विचारू नका.